आमचा पदपथ, पहाटेची बस आणि नागरिकांचं अंदाजपत्रक: आम्ही काय केलं, किती वेळ लागला

गेल्या काही महिन्यांत आजूबाजूच्या वस्त्यांमधून सारखे फोन येतात. "तुमच्याकडे पदपथ झाला, पहाटेची बस सुरू झाली, ते केलंत कसं? अर्ज कुठं द्यायचा?" फोनवर सगळं सांगून होत नाही. म्हणून पहिल्यापासून लिहून ठेवतेय. तारखा, खर्च, कुठं थांबावं लागलं, कोणत्या टेबलावर काय विचारतात, सगळंच.

आम्ही पुण्याच्या दक्षिण टोकाला पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये राहतो. आधी स्वारगेटच्या अलीकडे ओढ्याकाठी राहायचो. इथं पक्कं घर मिळालं, घरात नळ आणि संडास आला, पावसाळ्यात पाणी शिरायची भीती गेली. कामं मात्र होती तिथंच राहिली. इमारतीतल्या बहुतेक बायका बिबवेवाडी, सहकारनगर, सॅलिसबरी पार्क या भागांत धुणंभांडी, पोळ्या, आजारी माणसांची देखभाल अशी कामं करतात. काहीजणी दवाखान्यात आया आहेत. पुरुषांत वॉचमन आहेत, मार्केट यार्डातले हमाल आहेत. पूर्वी जिथं चालत पोचायचं तिथं आता जाताना तास मोडतो, येताना तास मोडतो, आणि तिकिटाचे पैसे वेगळे. मी एका शाळेत लिपिक आहे. अर्ज, जावक क्रमांक, पोच या गोष्टींची सवय होती, म्हणून कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं.

२०२३ च्या जूनमध्ये समाजमंदिरात बैठक झाली तेव्हा मागणी एकच होती: बसथांब्यावर शेड. सह्यांचं निवेदनही तयार होतं. त्याच सुमारास समाजकार्य महाविद्यालयातल्या दोन विद्यार्थिनी क्षेत्रकार्यासाठी आमच्याकडे यायला लागल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "ताई, निवेदन द्याच, पण त्याआधी महिनाभर लोकांना विचारून बघू या का? कोण कुठं जातं, कसं जातं, किती पैसे लागतात?" बैठकीला आले होते ते बहुतेक निवृत्त काका आणि दुचाकीवाली तरुण मुलं. पहाटे निघणाऱ्या बायकांपैकी एकही नव्हती. बैठक रविवारी दुपारी चारला ठेवली होती, आणि रविवारी चारला त्यांची दुसऱ्या वेळची भांडी असतात. ज्यांचं चालणं सगळ्यांत जास्त, त्यांचंच मत कागदावर नव्हतं. मला ती गोष्ट फार लागली, आणि पुढं जे काही केलं ते तिथूनच सुचत गेलं.

पहिला बदल बैठकीच्या वेळेत केला. रात्री साडेआठ-पावणेनऊ, इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत, जेवणाआधी. समाजमंदिराची किल्ली मागायला नको आणि कुणाला पायऱ्या चढून यायला नको. चाकाच्या खुर्चीवरचा आमच्या शेजारचा मुलगाही येऊ शकला. तो दहावीला होता आणि पुढं त्याच्याच मोजमापांचा सगळ्यांत जास्त उपयोग झाला.

जुलैमध्ये घरोघरी फॉर्म भरले. एकच पान होतं. पहिल्या दिवशीच एक गोष्ट लक्षात आली, ती कुणी असा अभ्यास करणार असेल तर जरूर ध्यानात ठेवावी. "तुम्ही रोज प्रवास करता का?" असं विचारलं की घरातली बाई म्हणते, "मी कुठं जातेय, घरीच असते." तिलाच विचारा, "काल सकाळी उठल्यापासून कुठं कुठं गेलात?" मग यादी सुरू होते. नातवाला अंगणवाडीत सोडलं, रेशनच्या दुकानात गेले, रेशन आलं नव्हतं म्हणून परत आले, दुपारी सासूबाईंना दवाखान्यात नेलं, येताना भाजी आणली. चार-पाच ठिकाणं, सगळी पायी, त्यातलं एकही "प्रवास" म्हणून तिच्या मनात नोंदलेलं नाही. जनगणनेतसुद्धा २०११ साली प्रवासाचं साधन विचारलं ते कामाच्या ठिकाणी जाण्याचं, आणि तेही शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांना. दवाखाना, शाळा, रेशन यांची पायपीट त्या तक्त्यात येतच नाही. मग रस्ता कुणासाठी किती रुंद करायचा हे ठरवताना ती पायपीट कुणाच्या डोळ्यांपुढं असणार?

मार्ग कागदावर काढायला सांगितलं तर बायका पेन हातात घेईनात. तेव्हा विद्यार्थिनींनी खाली फरशीवर रांगोळी ठेवली. त्यांच्या अभ्यासक्रमात ही पद्धत शिकवतात. रांगोळी हातात आल्यावर कुणाला सांगावं लागलं नाही. इमारतीचं फाटक, कमान, वळण, चहाची टपरी, दारूचं दुकान, मोठा रस्ता, थांबा, सगळं भराभर उमटलं. मग प्रत्येकीला मूठभर चिंचोके दिले आणि म्हटलं, जिथं भीती वाटते तिथं ठेवा, जेवढी जास्त भीती तेवढे जास्त. बसथांब्यावर चिंचोके जवळजवळ पडलेच नाहीत. सगळा ढीग पडला तो फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंतच्या वळणावर, जिथं एका बाजूला पत्र्याचं कुंपण आहे आणि दिव्याचा एकही खांब नाही. एक मावशी म्हणाल्या, "थांब्यावर पावसात उभं राहीन गं मी, पण थांब्यापर्यंत पोचायचं कसं ते बघा आधी." दुसऱ्या वाटीत तूरडाळीचे दाणे होते, पैसे जास्त कुठं लागतात ते दाखवायला. ते पडले पहाटेच्या शेअर रिक्षावर. पहिली बस सव्वासहाला होती आणि तिने गेलं तर दवाखान्यातली पाळी चुकायची. पहाटेच्या शिफ्टवाल्या दोघी आणि पोळ्यांची पहिली घरं धरलेल्या बायका मोठ्या रस्त्याच्या नाक्यापर्यंत अंधारात चालत जायच्या आणि तिथून रिक्षा करायच्या.

मग आम्ही पहाटे साडेपाच ते साडेसात मोजणी केली. फाटकाजवळ दोघं, वळणावर दोघं, थांब्यावर दोघं. पाटीला कागद लावून चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. चालणारे, सायकलवाले, दुचाकी, रिक्षा, मोटारी असे रकाने. बाई, पुरुष आणि मूल वेगळं लिहायचं, हे विसरू नका, नंतर तेच सगळ्यांत जास्त विचारतात. आठवड्यातला एक मधला दिवस, एक रविवार आणि एक पावसाचा दिवस धरला. साडेपाच ते साडेसहा या तासात आमच्या रस्त्यावर गाड्यांपेक्षा पायी माणसं जास्त होती आणि त्यात बायका निम्म्याहून जास्त.

मोजमापाची गोष्ट सांगायलाच हवी. रस्त्याच्या कडेला पदपथ होता. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचाऱ्यांसाठीच्या २०१२ च्या नियमावलीत चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि पदपथाची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर असं दिलेलं आहे. आमच्याकडे होता शिवणकामाचा टेप, दीड मीटरचा. शिवणवाल्या वहिनी तो घेऊन आल्या. भिंतीपासून विजेच्या डीपीपर्यंत, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पत्र्याच्या पेटीपर्यंत, टेप धरला तर तो पुरा उलगडलाच नाही; सत्तर सेंटिमीटरवर डीपीचा पत्रा आला. झाडाच्या आळ्यापाशी त्याहून कमी. वळणावर पदपथाची उंची अठ्ठावीस सेंटिमीटर भरली. वहिनींनी टेप तसाच धरून ठेवला आणि शेजारच्या मुलाने मोबाइलवर फोटो काढला, आकडा वाचता येईल असा. हा फोटो पुढं प्रत्येक टेबलावर दाखवला. उंच पदपथावर चढता येत नाही म्हणून म्हातारी माणसं आणि चाकाची खुर्ची रस्त्यावरून जायची. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे आणि त्यात वाहतूक व रस्ते सगळ्यांना वापरता येतील असे असावेत हे स्पष्ट म्हटलंय. पुणे महापालिकेचं स्वतःचं पादचारी धोरणही २०१६ चं आहे. अर्जात आम्ही या दोन्हींचा उल्लेख एकेका ओळीत केला. लांबलचक उतारे देऊ नका, वाचायला कुणाला वेळ नसतो. टेपचा फोटो आणि नियमातला आकडा शेजारी शेजारी ठेवला की पुरतं.

या महिनाभरात सगळा मिळून खर्च दोन हजारांच्या आत झाला. झेरॉक्स, पाट्या, चहा, बॅटरीचे सेल. प्रत्येक मजल्यावरून वर्गणी काढली. हिशेब जिन्यात लावला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांपुढं निष्कर्ष मांडले. शेडची मागणी खाली गेली. वर आले तीन मुद्दे: वळणावर दिवे, फाटकापासून थांब्यापर्यंत सलग चालता येईल असा पदपथ आणि सहाच्या आधी बस. निवृत्त काकांना आधी पटलं नाही. शेडसाठी त्यांनी वर्षभर पाठपुरावा केला होता, त्यामुळे वाईट वाटणं साहजिक होतं. रांगोळीचे फोटो आणि मोजणीचे कागद त्यांनी स्वतः चाळले, मग म्हणाले, "पहाटे मी झोपलेलो असतो, मला हे कसं दिसणार." निवेदनावर पहिली सही त्यांची आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही याच वेळी टाकला. त्याचा उपयोग झाला, म्हणून थोडं सविस्तर. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एका विषयापुरता असावा लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील असल्याचा पुरावा जोडला तर शुल्क लागत नाही. उत्तराची मुदत तीस दिवस. आम्ही विचारलं होतं की गेल्या तीन वर्षांत या रस्त्यावर डांबरीकरणाला, पदपथाला आणि दिव्यांना किती खर्च झाला. अर्जातला काही भाग दुसऱ्या विभागाकडे वर्ग झाला. कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत वर्ग करायचा असतो आणि तसं पत्र आपल्याला येतं. ते पत्र जपून ठेवा, पुढची चौकशी त्या क्रमांकावर होते. प्रती पानाला दोन रुपयांनी मिळाल्या. उत्तरात नवीन कळलं ते हे की डीपी हलवणं हे महापालिकेचं कामच नाही, ते वीज कंपनीकडे जातं आणि त्याचा खर्च आमच्या पुढच्या मुख्य अर्जाच्या पाच लाखांच्या मर्यादेत बसणारा नव्हता. मग पदपथ डीपीच्या पुढून, रस्त्याच्या बाजूला थोडा वाढवून न्यायचा असं आम्हीच सुचवलं. हे आधी कळलं नसतं तर सगळा अर्ज तेवढ्यावर अडला असता.

आता मुख्य अर्ज. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक अशी सोय आहे. आपल्या प्रभागात पाच लाखांपर्यंतचं एखादं काम नागरिक सुचवू शकतात: पदपथ, दिवे, बाकं, बसथांबे वगैरे. काम योग्य ठरलं तर ते पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात येतं. अर्ज मागवल्याचं निवेदन साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वर्तमानपत्रात येतं. फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात फुकट मिळतो, पैसे लागत नाहीत. एका कामाला एक फॉर्म. आम्ही दोन भरले, एक पदपथाचा आणि एक दिव्यांचा, कारण पदपथ एका विभागाकडे जातो आणि दिवे विद्युत विभागाकडे. एकाच फॉर्मवर दोन्ही लिहिलं असतं तर कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला असता.

फॉर्ममध्ये "अंदाजे खर्च" असा रकाना असतो आणि तिथं बहुतेकांचा हात थांबतो. तो आकडा तुम्हाला काढायची गरज नाही. कनिष्ठ अभियंत्यांना भेटा, जागा दाखवा, ते दरसूचीप्रमाणे काढून देतात. आम्ही त्यांना सकाळी साडेपाचला यायची विनंती केली. ते खरंच आले, मोटारसायकल वळणावर लावून आमच्याबरोबर थांब्यापर्यंत चालले. मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. तिथंच त्यांनी वहीत लिहून घेतलं की पदपथ दोन्ही टोकांना उतरता हवा आणि दुचाकी चढू नयेत म्हणून मध्ये खांब हवेत, पण दोन खांबांतलं अंतर चाकाची खुर्ची जाईल एवढं. ते अंतर शेजारच्या मुलाने स्वतः खुर्ची नेऊन दाखवलं.

अर्ज दाखल केल्यावर पोच घेताना शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक तिन्ही आहेत ना ते तिथंच बघा. घरी येऊन बघितलं तर उपयोग नाही.

सप्टेंबरमध्ये हरकती सुरू झाल्या, आणि त्या आमच्याच लोकांच्या होत्या. पदपथावर दुचाकी लावणारी मुलं म्हणाली, गाड्या कुठं लावायच्या? कोपऱ्यावर भाजीच्या दोन हातगाड्या उभ्या असतात. त्या मावशींना वाटलं आपल्याला उठवणार. हा प्रसंग मला सगळ्यांत अवघड गेला. कष्टाने पोट भरणाऱ्या एका बाईची वाट मोकळी करायला दुसरीची हातगाडी हलवायची, हे कुणालाच नको होतं. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे आणि त्यांना परस्पर उठवता येत नाही, हे आम्ही आधी त्यांनाच सांगितलं. मग त्याच मावशींना विचारलं की तुमची गिऱ्हाइकं कुठून येतात. गिऱ्हाईक म्हणजे संध्याकाळी बसमधून उतरणाऱ्या बायका. तेव्हा हातगाड्यांची जागा थांब्याच्या मागच्या मोकळ्या पट्टीत सुचवली आणि नकाशात ती दाखवली. दोघींनी ती जागा स्वतः पसंत केली. दुचाकींसाठी इमारतीच्या आवारातली भंगार पडलेली जागा मुलांनीच दोन रविवारी श्रमदान करून साफ केली.

त्यानंतर वाट बघणं. त्या वेळी महापालिकेत निवडून आलेले नगरसेवक नव्हते, मार्च २०२२ पासून प्रशासकांचा कारभार होता. त्यामुळे कुणा एका नगरसेवकाकडे जाऊन विचारायची सोय नव्हती. आम्ही लोकशाही दिनाचा उपयोग केला. तिथं अधिकारी नागरिकांच्या तक्रारी ऐकतात. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तिथं एवढंच कळलं की दोन्ही कामं छाननीत टिकली आहेत. पण "टिकली आहेत" हे लेखी मिळालं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी जरा हलक्या मनाने गेले. मार्च २०२४ मध्ये अंदाजपत्रक आलं. नागरिकांनी सुचवलेल्या कामांची यादी असते, तिच्यात प्रभागावरून आपलं काम शोधायचं. दोन्ही होती. दिव्यांची रक्कम मागितली तेवढी, पदपथाची थोडी कमी.

आनंद आठवडाभरही टिकला नाही. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. निकाल ४ जूनला. तोवर पाऊस, आणि पावसाळ्यात खोदाई बंद. अंदाजपत्रकात आलेलं काम पुढच्या ३१ मार्चच्या आत झालं नाही तर निधी लॅप्स होतो, हे माहीत असल्यामुळे आमचा जीव टांगणीला लागला. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. आचारसंहितेत नवीन काम सुरू करता येत नाही, वर्क ऑर्डर निघाली असली तरी जागेवर काम सुरू झालं नसेल तर थांबावं लागतं. विधानसभेची निवडणूक वर्षाच्या शेवटी होणार हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही दर पंधरवड्याला कार्यालयात जात राहिलो, भांडायला नव्हे, फाईल कुठं आहे ते विचारायला. प्रत्येक वेळी दोन बायका, त्यातली एक तरी पहाटे निघणारी. त्यांनी त्या दिवशीचं एक काम सोडून यायचं आणि तो खाडा बाकीच्यांनी भरून द्यायचा, असं ठरलं होतं. सहभाग म्हणतात त्याचीही किंमत असते आणि ती नेहमी रोजावर जगणाऱ्या माणसाच्या खिशातून जाते, हे कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नसतं. कुणी असं काम करणार असेल तर वर्गणीत हा खाड्याचा खर्च आधीच धरा.

दिव्यांचं काम सप्टेंबरमध्ये झालं. खांब उभे राहिले त्या संध्याकाळी फाटकाशी गर्दी होती. पदपथाची वर्क ऑर्डर निघाली आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. २० नोव्हेंबरला मतदान. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फरश्या उतरल्या. काम चालू असताना रोज कुणीतरी जागेवर थांबत होतं. ठेकेदाराच्या माणसांना नकाशा माहीत नव्हता. पहिल्या दिवशी उतार एकाच टोकाला होणार होता. नकाशाची प्रत दाखवली, त्यांनी लगेच दुरुस्त केलं. मंजूर नकाशाची एक प्रत जागेवर हवीच. जानेवारी २०२५ मध्ये पदपथ पूर्ण झाला. टेप पुन्हा लावला. रुंदी सगळीकडे १.८ मीटर नाही, डीपीपाशी दीड आहे. पण सलग आहे आणि दोन्ही टोकांना उतरता आहे. शेजारचा मुलगा आता कॉलेजला जातो, थांब्यापर्यंत कुणाच्या मदतीशिवाय.

बसची कहाणी वेगळ्या वाटेने गेली. बसचं काम महापालिकेच्या अंदाजपत्रकात येत नाही. त्यासाठी पीएमपीकडे, म्हणजे शहराची बससेवा चालवणाऱ्या कंपनीकडे, अर्ज. मुख्य कार्यालय स्वारगेटला शंकरशेठ रस्त्यावर आहे, पण सुरुवात आपल्या आगारापासून करावी असं मी सांगेन. आगार व्यवस्थापकांनी विचारलं, "पावणेसहाला किती प्रवासी मिळतील?" हा प्रश्न विचारणं त्यांचं कामच आहे, आणि आमच्याकडे मोजणीचे कागद होते. वेळेप्रमाणे, थांब्याप्रमाणे, बायका-पुरुष वेगळे. त्यांनी ते नीट बघितले आणि सुचवलं की आगारातून पहाटे स्वारगेटला पहिल्या फेरीसाठी जाणारी एक गाडी रिकामी जाते, ती आमच्या थांब्यावरून वळवून नेता येईल का ते बघू. नवीन गाडी नको, नवीन चालक-वाहक नको. थांब्याची जागा थोडी पुढं सरकवायची होती म्हणून वाहतूक शाखेची ना हरकत लागली, त्यात दोन महिने गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रायोगिक म्हणून पावणेसहाची फेरी सुरू झाली. प्रायोगिक फेरीत तिकीटविक्री बघतात, म्हणून पहिले दोन महिने सगळ्यांना सांगितलं होतं की याच गाडीने जा आणि तिकीट घ्या, पास असेल तर वाहकाला दाखवा. फेरी टिकली.

१ जून २०२५ पासून पीएमपीचं भाडं वाढलं. पहिल्या पाच किलोमीटरला दहा रुपये, पुढं दहा किलोमीटरपर्यंत वीस. आमच्या इमारतीतून स्वारगेट वीसच्या टप्प्यात येतं. तिथून सॅलिसबरी पार्कला दुसरी बस, दहा रुपये. जाऊन-येऊन साठ. दिवसाचा पास सत्तरचा, महिन्याचा पंधराशेचा. हिशेबाने महिन्याचा पास परवडतो, पण पगार वेगवेगळ्या घरांतून वेगवेगळ्या तारखांना होतात. एकदम पंधराशे रुपये बाजूला काढणं जमत नाही. म्हणून ज्यांना पास सगळ्यांत जास्त फायद्याचा, त्याच रोज सुटं तिकीट काढतात, किंवा दुसरी बस सोडून स्वारगेटपासून चालत जातात. नवीन पदपथामुळे घरापासून थांब्यापर्यंतचं चालणं सोपं झालं आणि भाड्यामुळे दुसऱ्या टोकाचं चालणं वाढलं.

तेव्हा जुलै २०२५ मध्ये आम्ही पुन्हा फॉर्म भरून घेतले. प्रश्न तेच, "काल कुठं कुठं गेलात" इथूनच सुरुवात. एक नवा रकाना जोडला: भाडं वाढल्यावर कुठं जाणं कमी केलं? कामावर जाणं कुणीच कमी केलेलं नाही. कमी झालंय ते माहेरी जाणं, दवाखान्यात दाखवायला जाणं आणि मुलींचं क्लासला जाणं. हे कागद घेऊन आम्ही दोन मागण्या केल्या आहेत. महिन्याचा पास दोन हप्त्यांत मिळावा, आणि एका प्रवासात बस बदलली तर ठरावीक वेळेत दुसरं तिकीट लागू नये. अर्जाची पोच मिळाली आहे. बचत गटाने तोवर पासासाठी बिनव्याजी उचल सुरू केली आहे. पगार झाला की फेडायची. ज्यांना आमचा एक पानी फॉर्म, मोजणीचा तक्ता आणि अर्जांचे नमुने हवे असतील त्यांनी कोणत्याही बुधवारी रात्री पावणेनऊला इमारतीखाली यावं. येताना तुमच्याकडच्या पहाटे निघणाऱ्या एखाद्या मावशींना बरोबर आणा.